कॅम्परची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी गळती मोजा

कॅम्परमधली, म्हणजे राहण्याची सोय केलेल्या गाडीतली, बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरू लागली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात आणि नवी बॅटरी घेऊन येतात. मीही हा उद्योग दोनदा केला आहे. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पलंग, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज आणि दिवे बसवून मी ती खानदेशात आणि सातपुड्यात फिरवतो. तोरणमाळला यशवंत तलावाजवळ मुक्कामाला असताना पहिल्याच रात्री दिवे मंदावले, तेव्हा परतल्यावर दुकानदाराने मीटर न लावताच "बॅटरी मरी गयी, भाऊ" असा निकाल दिला. त्याच्याकडून घेतलेली नवी बॅटरीही आठ महिन्यांत त्याच वाटेने गेली. बॅटऱ्या मारणारी वस्तू गाडीतच होती आणि ती कोणीही मोजून पाहिली नव्हती.

पुढचे सगळे १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे. लिथियम बॅटरीचा व्होल्टेज ती बरीच रिकामी होईपर्यंत फारसा हलत नाही, त्यामुळे खालचे व्होल्टेजचे आकडे तिला लावू नयेत. गळती, म्हणजे सर्व काही बंद असतानाही बॅटरीतून वाहणारा करंट, मोजण्याची रीत मात्र तीच.

प्रथम टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट खार गरम पाण्याने धुऊन क्लॅम्प घट्ट करावेत. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला जो थर चढतो, तो पाहिलेल्या माणसाने ते पाणी बॅटरीत ओतण्याचा विचारही करू नये.

त्यानंतर बॅटरी पूर्ण चार्ज करून, दोन्ही वायरी काढून, रात्रभर तशीच ठेवावी. चार्जर काढल्या काढल्या मीटर जो १३ च्या वरचा आकडा दाखवतो तो वरवरचा असतो आणि त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. सकाळी १२.६ किंवा त्याहून अधिक व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. वायरी न जोडता आणखी तीन दिवस थांबून पुन्हा मोजावे. आकडा जवळपास तिथेच राहिला तर बॅटरी निर्दोष आहे आणि चोर गाडीत आहे. आपोआप १२.३ वर घसरला तर एखादा सेल बसला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, पाहावी आणि पाच सेल १२५० च्या आसपास असताना सहावा १२०० च्या खाली असेल, तरच नवी बॅटरी घ्यावी.

खरी कसोटी पुढे आहे. गाडीतले सर्व काही बंद असताना बॅटरीतून किती करंट बाहेर जातो, हे मोजायचे असते. मल्टीमीटर १० अँपिअर डीसीवर ठेवून लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरे निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला चिमट्याने घट्ट लावावे आणि मगच तो क्लॅम्प टर्मिनलवरून उचलावा, म्हणजे वीजप्रवाह मध्ये तुटत नाही. या अवस्थेत पंप, फ्रिज किंवा इन्व्हर्टर सुरू करू नये, आणि इंजिनच्या बॅटरीवर हीच तपासणी करताना स्टार्टर तर मुळीच मारू नये.

येथे मी केलेली चूक सविस्तर सांगतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण एकदा करतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर त्याच भोकात राहिली आणि मी सहज व्होल्टेज पाहावा म्हणून दोन्ही टोके बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावली. त्या भोकात मीटर म्हणजे निव्वळ तारेचा तुकडा असतो. मोठी ठिणगी उडाली, मीटरचा फ्यूज गेला आणि टोकाची पितळी सुई वितळून टर्मिनलला चिकटली. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' असे छापलेले असते. तसा मीटर असता तर माझा हातही भाजला असता. म्हणून करंट मोजून होताच लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालावी, आणि मगच चहाला उठावे.

दुसरी अडचण घाईची. इंजिनच्या बॅटरीवर मोजत असाल तर नव्या गाड्यांतले संगणक झोपायला अर्धा तास घेतात, आणि दार उघडले की पुन्हा जागे होतात. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने लावल्यासारखी करून, किल्ली घरात ठेवून थांबावे. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा करंट चालतो. घरगुती बॅटरीवरही, म्हणजे मागच्या दिवे-पंप-फ्रिजच्या वेगळ्या बॅटरीवरही, किमान पंधरा मिनिटे मीटरकडे पाहत बसावे, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो आणि तुम्ही नेमके तेव्हा पाहिले नाही तर तो सापडत नाही.

माझ्या गाडीत आकडा आला ०.६२ अँपिअर. तो किरकोळ वाटतो, पण चोवीस तासांत जवळजवळ १५ अँपिअर-तास होतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी साडेतीन दिवसांत अर्धी होते. जो तो सांगतो त्याप्रमाणे मी एकेक फ्यूज काढत गेलो; सगळे फ्यूज निघाले तरी आकडा हलला नाही. दोन रविवार यात गेले. फ्यूज काढण्याचा हा सल्ला कारखान्यातून आलेल्या गाडीसाठी ठीक आहे. आपल्या गॅरेजमध्ये तयार झालेल्या कॅम्परमध्ये मात्र निम्म्या वायरी फ्यूज बॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीच्या बोल्टवर अडकवलेल्या असतात. त्यामुळे सुरुवात फ्यूजपासून न करता त्या बोल्टपासून करावी: तेथे जेवढ्या वायरी आहेत त्या एकेक सोडवून आकडा कधी पडतो ते पाहावे. माझ्याकडे चार वायरी होत्या आणि तिसरी काढताच मीटर ०.०४ वर आला. ती इन्व्हर्टरची होती. त्याचे समोरचे बटण बंद होते, पण ते बटण फक्त प्लग पॉइंट बंद करत होते. आतले सर्किट रात्रंदिवस जागेच होते.

गळती सापडली नाही, तर बॅटरी मुळात भरतच नसेल. इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजावा. पुढे इंजिनच्या बॅटरीवर १४.२ आणि मागे घरगुती बॅटरीवर १३.४ दिसत असतील तर मधली वायर बहुधा बारीक आहे. ती जाड टाकावी. सोलर पॅनेल असेल तर मे महिन्यातली धूळ आठवड्यातून एकदा तरी ओल्या फडक्याने पुसावी.

उन्हाचेही थोडे ध्यानात घ्यावे. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आपल्याकडे पारा ४५ वर गेल्यावर बंद गाडीत सीटखाली काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. गाडी कडुनिंबाखाली लावावी आणि ती उभी असली तरी महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करावी. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो.

उपाय शेवटी साधाच निघाला: इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीलगत, योग्य फ्यूज आणि कटऑफ स्विच. गॅसच्या गळतीचा अलार्म मात्र मी त्या स्विचवर घेतलेला नाही आणि तुम्हीही घेऊ नये, उरलेले ०.०४ अँपिअर त्याचेच आहेत. दत्तजयंतीच्या वेळी सारंगखेड्याच्या यात्रेला निघण्याआधी गाडी तीन आठवडे अंगणात उभी होती, आणि मीटरवर १२.५ व्होल्ट होते.