लिफ्ट किट घेताय? आधी गाडी वजनकाट्यावर न्या, आणि या चुका टाळा

मे महिना संपत आला की ओळखीतलं कोणी ना कोणी हमखास विचारतं, "थारला दोन इंचाचं लिफ्ट किट टाकू का तीन?" (लिफ्ट किट म्हणजे लांब स्प्रिंगा वगैरे घालून गाडी तेवढी उंच करणं.) मी उलट विचारतो, कशासाठी? आणि तिथेच गाडी अडते, कारण बहुतेकांचं खरं उत्तर "दिसायला भारी वाटते" एवढंच असतं. त्यात वाईट काही नाही, पण मग तसं कबूल करून स्वस्तातलं काहीतरी टाका आणि ताम्हिणीत कॉफी पिऊन या, उगाच ऑफरोडच्या नावाखाली लाखभर रुपये घालू नका.

ज्यांना खरंच चिखलात उतरायचंय त्यांच्यासाठी पुढचं.

इंच मोजून किट घेणं

ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी डोळ्यासमोर आणा. दोन्ही बाजूंना खोल चर, मधे गवत वाढलेला उंचवटा. त्या उंचवट्याला काय घासतं? डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांना वाटणाऱ्या गिअरचं घर. आता हा गोळा असतो एक्सलवर (दोन चाकांना जोडणारी आडवी नळी), एक्सल असतो चाकांवर, आणि स्प्रिंग असते त्याच्या वर. म्हणजे तुम्ही दोन इंच टाका नाहीतर चार टाका, बॉडी वर जाणार पण गोळा जिथे होता तिथेच राहणार! जिम्नी आणि जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे हेच, आणि २०२० च्या थारला पुढे इंडिपेन्डन्ट (प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन वेगळं) असलं तरी मागे अखंड एक्सलच आहे. कंपनी थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर सांगते आणि जिम्नीचा २१०, नुसत्या लिफ्टने मागच्या गोळ्याखाली त्यात एक मिलिमीटरचीही भर पडत नाही.

गोळा वर न्यायचा तर टायर मोठा करावा लागतो, त्याला दुसरा सोपा रस्ता नाही. थारचा २५५/६५ आर१८ साधारण ७८९ मिलिमीटर व्यासाचा आहे, २८५/७० आर१७ घातला तर ८३१ होतो, म्हणजे व्यास ४२ ने वाढला आणि त्याच्या निम्मे, २१ मिलिमीटर, गोळ्याखाली मिळाले. वर त्याची किंमतही आहेच, स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ ने पळत असेल, पिकअप मंदावेल, ब्रेकला जास्त काम पडेल आणि स्टेपनी मागच्या दारावर लोंबायला लागेल.

मग लिफ्ट कशाला? तर मोठ्या टायरला आत जागा मिळावी म्हणून, चढणीला बंपर टेकू नये आणि ढिगाऱ्यावर पोट अडकू नये म्हणून, आणि मुख्य म्हणजे चाकाला खाली लोंबायला जास्त ट्रॅव्हल (वर-खाली हलायची जागा) मिळावा म्हणून. म्हणून आधी टायर ठरवा, मग त्या टायरला लागेल तेवढीच लिफ्ट घ्या. आपल्याकडे बहुतेक लोक याच्या बरोब्बर उलटं करतात.

वजन न करता स्प्रिंग मागवणं

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. चांगल्या कंपन्यांच्या स्प्रिंगा एकाच उंचीला दोन-तीन वजनाच्या मिळतात, रिकाम्या गाडीला वेगळी, बंपर-विंचवाल्या (विंच म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायची मोटर) गाडीला वेगळी, कायम सामान लादलेल्या गाडीला वेगळी. लोक "हेवी म्हणजे मजबूत" समजून हेवी घेतात, आणि मग रिकामी गाडी नको तेवढी उंच उभी राहते, स्पीडब्रेकरवर बैलगाडीसारखी आपटते आणि खडकावर चाक दबायचं तिथे दबतच नाही.

मी स्वतः जिम्नीला मागच्या हेवी स्प्रिंगा मागवायच्या बेतात होतो, कारण डिक्कीत सामान असतं असा माझा समज. एक दिवस गाडी हायवेच्या वजनकाट्यावर घातली. माझ्या पुढे कांद्याचा ट्रक, मागे खडीचा डंपर, आणि मधे आमचं खेळणं. काटेवाल्याने खिडकीतून विचारलं, "भरलंय काय?" म्हटलं काही नाही, नुसती गाडीच. तो आधी हसला आणि मग पावती दिली. आधी पूर्ण गाडी घालायची, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून परत वजन घ्यायचं, वजाबाकी केली की मागचं कळतं. टाकी फुल ठेवा, आणि जे सामान कायम गाडीत असतं ते सगळं आत असू द्या. माझ्या गाडीत लोखंडी बंपर आणि विंचने पुढे ८५ किलो वाढवले होते आणि मागे सामानाने जेमतेम २०. म्हणजे मागवणार होतो त्याच्या बरोब्बर उलटं पाहिजे होतं! ती पावती अजून ग्लव्ह बॉक्समध्ये आहे.

हिशोब रोजच्या वजनाचा धरा, वर्षातून एकदा सासरची पाच माणसं घेऊन कोकणात जाता त्याचा धरू नका.

जुगाडाने उंची वाढवणं

माझी सुरुवात याच गाढवपणाने झाली. जुनी जिप्सी होती, चारी बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "किट कशाला दादा, लांब शॅकल बनवून देतो, अर्ध्या दिवसाचं काम." शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी. दिले बनवून. गाडी उंच झाली, मी खूष. परत येताना घाटात वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ येईना, ओढून आणावं लागत होतं, आणि खाली सपाटीला साठच्या स्पीडला एक खड्डा लागला तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे असं थडथडायला लागलं की गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय ते थांबलं नाही. तळहाताला घाम सुटला होता.

झालं असं की पुढचा शॅकल लांब केल्यावर एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो आणि कास्टर कमी होतो. मोटरसायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो ना, म्हणून ती सरळ चालते, तसाच कल चारचाकीच्या पुढच्या चाकांनाही दिलेला असतो. तो गेला की गाडी भरकटते. जिम्नीला कॉइल स्प्रिंग असल्या तरी उचलल्यावर तेच होतं, म्हणून किटमध्ये कास्टर करेक्शनचे बुश (तो कल परत आणणारे जोडातले रबर) आहेत का ते विचारा. शिवाय पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) एक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी ॲडजस्टेबल रॉड लागतो. "ते नंतर बघू" म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

थारला पुढे वेगळीच गंमत. कॉइलओव्हरच्या (शॉकअपवरच बसवलेली स्प्रिंग) डोक्यावर एक इंचाचा स्पेसर (जाड चकती) ठेवला की चाकापाशी गाडी एक इंच नाही तर दीड-दोन इंच उचलते, कारण शॉकअप चाक धरणाऱ्या आर्मच्या मधे कुठेतरी बसलेला असतो. लोक दोन इंच पाहिजे म्हणून दोन इंची स्पेसर घालतात आणि मग ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला ताकद देणारा दांडा) कोन एवढा तिरका होतो की त्याच्या वाकणाऱ्या सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा, रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला सगळं काळं. २०२० च्या आधीच्या ज्या थारला पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आहे तिचा तो बार आवळून उंची वाढवतात, त्यात फुकट मिळतं असं वाटतं पण चाकाचा खाली जायचा ट्रॅव्हल तेवढाच कमी होतो.

बसवताना होणारा घोळ

स्प्रिंग लांब आणि शॉकअप जुनेच, हे सर्रास चालतं. मग चाक हवेत लोंबलं की शॉकअप शेवटाला जाऊन खाडकन आवाज येतो आणि काही महिन्यांत ऑइल गळायला लागतं. लांब शॉकअप घेतले तर बंप स्टॉपही (सस्पेन्शन जास्त दबू न देणारे रबरी ठोकळे) खाली घ्यावे लागतात, नाहीतर पूर्ण दबताना शॉकअपच आधी टेकतो.

आणि एक गोष्ट जी मी दहापैकी आठ मिस्त्रींना करताना पाहत नाही. आर्मचे बुश रबराचे असतात, त्यांचे बोल्ट गाडी गॅरेजच्या लिफ्टवर लटकत असताना आवळले की रबर त्याच पोझिशनला पकडलं जातं, आणि गाडी खाली ठेवल्यावर ते कायम पिळलेलं राहतं. थोड्या दिवसांत कुईकुई सुरू होते आणि बुश फाटतात. बोल्ट हलके लावून ठेवायचे, गाडी चारी चाकांवर उभी करायची, वर-खाली दाबून बसवायची आणि मगच फायनल टॉर्क द्यायचा. शेजारी उभे राहा आणि हे करून घ्या, मिस्त्री कुरकुरला तर चहा पाजा.

मग तिथेच एक चाक ढिगाऱ्यावर चढवून बघा. लोंबणाऱ्या चाकाचा ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जातेय का, दबलेल्या चाकाचा टायर फुल स्टिअरिंग मारल्यावर कुठे घासतोय का. हे गॅरेजच्या दारात कळलेलं बरं, वेल्ह्याच्या पुढे रेंज नसलेल्या जागी कळण्यापेक्षा.

टाकून झालीये आणि आता त्रास होतोय?

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतंय तर जिम्नी-जिप्सीला आधी ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) ॲडजस्ट करून घ्या, आणि सोबत ईएसपीचा (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) दिवा लागला असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरही कॅलिब्रेट करून घ्या, तो वाकड्यालाच सरळ समजत नाही ना ते बघा. साठ-सत्तरला खालून व्हायब्रेशन येतंय आणि व्हील बॅलन्सिंग ठीक आहे, तर प्रोपेलर शाफ्टचा (एक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) कोन बिघडलाय. समोरचे सगळे तुम्हाला डिपर मारतायत तर ते कौतुक नाही, हेडलाइट आकाशाकडे बघतायत, खाली घ्या. गाडी एका बाजूला झुकली असेल तर डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल झालीये का बघा, बऱ्याच किटमध्ये ड्रायव्हर बाजूची वेगळी असते.

कायद्याचं पण एकदा बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून बदल करायला मोकळीक देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलेलं असेल तर क्लेमच्या वेळी तो हाच मुद्दा काढू शकतो. त्यामुळे मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

शेवटचं, उंची जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने ती बदलते. हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारी चाकांना टेप लावा, किट टाकायच्या आधी, लगेच नंतर, आणि हजार किलोमीटरने, कारण नव्या स्प्रिंगा थोड्या बसतातच, अलाइनमेंटही तेव्हा परत करा. माझी ड्रायव्हर बाजू ८ मिलिमीटर खाली बसलीये. मिस्त्री म्हणाला नॉर्मल आहे. बायको म्हणाली, तू वडापाव कमी कर.