एअरोटर सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर: दंत क्लिनिकमधली पीपीई (मास्क, गाऊन, ग्लोव्हज अशी संरक्षक साधनं)

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या पेशंटचं स्केलिंग, म्हणजे दातांवरचा थर काढणं, संपलं की फेस शील्ड उतरवून एकदा उजेडात धरून पाहा. समोर तांबूस ठिपक्यांची जाळी दिसेलच, पण खालच्या काठाशी, आतल्या बाजूनेही दोन-चार ठिपके सापडतील. ते खालून, हनुवटीकडून आलेले असतात. म्हणजे शील्ड लावली तरी मास्क हवाच. शिवाय डोळ्यांना दिसतात ते मोठे थेंब. 50 मायक्रॉनपेक्षा बारीक तुषार शील्डवर न बसता हवेत तरंगत राहतात, आणि मिनिटाला 3 ते 4 लाख फेरे घेणारा एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, ते सतत तयार करत असतो.

म्हणून आधी तुषारच कमी करा. काम सुरू करण्यापूर्वी पेशंटला 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनची गुळणी द्या. शक्य तिथे रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबरी पडदा) लावा. मोठ्या तोंडाचं हाय व्हॉल्यूम सक्शन असिस्टंटने स्केलरच्या टोकापासून साधारण एक सेंटिमीटरवर धरायचं. ओठात अडकवायची बारीक नळी लाळ ओढते, तुषार नाही. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत असेल, आणि खर्ऱ्यामुळे आपल्याकडे असे पेशंट रोजचेच, तर सक्शन आत शिरत नाही आणि पाणी ओठांवर आपटून थेट तुमच्या अंगावर येतं. अशा वेळी एका बैठकीत सगळं तोंड साफ करायचा हट्ट नको. पेशंटलाही गॉगल द्या, पाण्याबरोबर उडालेला जुन्या फिलिंगचा तुकडा त्याच्याही डोळ्यात जातो.

कुठला मास्क, हे कामावर ठरवा. नुसती तपासणी, एक्स-रे, टाके काढणं यांना आयएस 16289 या भारतीय मानकाचा तीनपदरी सर्जिकल मास्क पुरतो. एअरोटर, स्केलर किंवा एअर पॉलिशिंग (पावडर-पाण्याच्या फवाऱ्याने दात साफ करणं) असेल तर आयएस 9473 चा एफएफपी-2 किंवा एन-95, तोही डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा. कानात अडकवायचे बहुतेक मास्क गालाशी सैल राहतात. व्हॉल्व्हचा मास्क क्लिनिकमध्ये नकोच, त्यातून तुमचा श्वास न गाळता पेशंटच्या तोंडावर जातो. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोक येऊन दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेर सरकवत ती बसवा. मग मास्कवर हात ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा बसवा. दोन दिवसांची खुंटं वाढलेली दाढीसुद्धा कडा टेकू देत नाही. एन-95 च्या आत सर्जिकल मास्क घालायची सवय काहींना असते. त्याने एन-95 ची कडा उचलली जाते आणि जास्तीचे पैसे देऊन घेतलेलं संरक्षण जातं.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर गेला की वेगळीच गंमत होते. एन-95 आणि गाऊन घालून सलग दोन आरसीटी (रूट कॅनाल) केल्या की मास्क घामाने ओला होतो. ओल्या मास्कमधून श्वास ओढायला जड जातं, मग हवा कडेने वाट काढते. ओला झाला की बदला. सर्जिकल मास्क तर दर पेशंटला नवाच. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) एअरोटरची कामं सकाळी उरकून दुपारी तपासण्या ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. ऑपरेटरीच्या (उपचाराच्या खोलीच्या) खिडकीत कूलर बसवलेला असेल तर तो बाहेरची हवा ढकलत खोलीतले तुषार दारातून वेटिंगमध्ये नेतो, वर दमटपणामुळे शील्डवर वाफ धरते. कूलर वेटिंगमध्ये ठेवा, ऑपरेटरीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लावा. स्प्लिट एसी गार करतो, पण फिरवतो तीच हवा.

घालायचा क्रम सोपा आहे. अंगठी-घड्याळ काढून हात धुवा, मग पूर्ण बाह्यांचा, पाणी न झिरपणारा गाऊन, मग मास्क, त्यावर गॉगल किंवा शील्ड. हात पुन्हा सॅनिटायझरने चोळून कोरडे होऊ द्या आणि शेवटी ग्लोव्हज, गाऊनच्या कफवर ओढून. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, त्याच्या कडा उघड्या असतात.

ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून तेच पुढच्या पेशंटला वापरणं हा ठार चुकीचा प्रकार. साबण आणि स्पिरिटने रबराला सूक्ष्म छिद्रं पडतात, ओल आत झिरपते. ओठांना लावायचं पेट्रोलियम जेलीसारखं मलमही लॅटेक्स कमजोर करतं. पुट्टी इम्प्रेशन (मऊ मटेरिअलने दातांचं माप) घेताना तर लॅटेक्स नकोच. त्यातल्या गंधकामुळे पुट्टीतलं ॲडिशन सिलिकॉन नीट सेट होत नाही, माप चिकट राहतं आणि दोष मटेरिअलच्या माथी मारला जातो. पुट्टी मळायला नायट्राइल वापरा. साइज लहान पडली तर अंगठ्याचं बूड दुखतं आणि बेचक्यात फाटतं. मोठी पडली तर बोटाच्या टोकाचं सैल रबर एअरोटरच्या फिरत्या बरमध्ये (कोरायच्या टोकात) सापडतं.

खरी गळती होते ती मधल्या वेळात. मोबाइल वाजतो, कम्पोझिटची (दाताच्या रंगाच्या फिलिंगची) दुसरी शेड हवी असते, लाइट हलवायचा असतो. लाळेच्या हाताने ड्रॉवर उघडला की त्यातली प्रत्येक वस्तू पुढच्या पेशंटच्या तोंडाशी जोडली गेली. लागणारं सगळं आधीच ट्रेमध्ये काढा, लाइटच्या हँडलला प्लास्टिक गुंडाळा. तरी हात घालावाच लागला तर वरून पातळ प्लास्टिकचा ओव्हरग्लोव्ह चढवा.

उतरवताना घाई नको:

1. एका ग्लोव्हची मनगटाजवळची बाहेरची कड धरून तो उलटा काढा, मुठीत धरा. उघडं बोट दुसऱ्याच्या आत घालून तोही उलटा ओढा. हात स्वच्छ करा.
2. शील्ड-गॉगल मागच्या पट्टीने काढा, समोर हात लावू नका.
3. गाऊन खांद्यावरून, आतली बाजू बाहेर करत गुंडाळा.
4. ऑपरेटरीबाहेर येऊन मास्कची खालची पट्टी, मग वरची. पुन्हा हात.

शील्ड साबणाच्या पाण्याने पुसून मग जंतुनाशक लावा. ॲसिटोन लागला तर पॉलिकार्बोनेटला तडे जातात. कापडी गाऊन घरी धुवायला न्यायचा नाही. क्लिनिकमध्ये किंवा लाँड्रीत 71 अंशांच्या पाण्यात 25 मिनिटं.

डॉक्टरला नवा एन-95 आणि अवजारं धुणाऱ्या ताईला कालचा कापडी मास्क, हे चित्र बदला. प्रोब, एक्सप्लोरर, स्केलर यांच्या टोकांशी त्यांचाच हात जास्त येतो. तपासणीचे पातळ ग्लोव्हज तिथे टिकत नाहीत. जाड, लांब बाह्यांचे युटिलिटी ग्लोव्हज, गॉगल आणि रबरी ॲप्रन द्या.

कचरा 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: मास्क, टोपी, गाऊन, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज, शील्ड, सक्शन टिप लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. ग्लोव्हज कापून टाका. 48 तासांपेक्षा जास्त साठवू नका.

सुईला मात्र यातलं काहीच अडवत नाही. टोपण ट्रेवर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवा. टोचलीच तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा, वेळ लिहून ठेवा, पेशंटच्या संमतीने त्याची तपासणी करा आणि मेडिकल किंवा मेयो, ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, गाठा. एचआयव्हीसाठीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि कोर्स 28 दिवसांचा असतो. हेपॅटायटिस बीच्या 0, 1 आणि 6 महिन्यांच्या लसी डॉक्टरपासून ताईपर्यंत सगळ्यांच्या झालेल्या हव्यात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) बघून तो 10 mIU/ml च्या वर असल्याचा कागद फाइलला लावलेला हवा.