रताळ्याचा पोटभरीचा नाश्ता

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मातीने माखलेली रताळी दिसली, तर मध्यम आकाराची, घट्ट, डाग नसलेली उचला. फार जाड असतील तर बहुधा दोरे निघतात. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने त्यांचा गाभा कडक होतो आणि कितीही शिजवला तरी मऊ पडत नाही. हवेशीर टोपलीच बरी.

खरी गंमत शिजवण्यात आहे. कुकरच्या शिट्ट्या टाळा. सालासकट रताळी थंड पाण्यात घाला आणि मंद आचेवर हळूहळू तापू द्या. पाणी उकळायच्या आधी, साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान, रताळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून घाई केली की चव सपक लागते. सुरी अलगद आत गेली की उतरवा. हे काम आदल्या रात्रीच उरकावं.

सकाळी दोन चमचे खोबरेल तापवून मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची घाला. दोघांसाठी वाटीभर मोड आलेले मूग टाकून, पाण्याचा हबका मारून पाच-सात मिनिटं झाकण ठेवा. मग रताळ्याच्या जाड फोडी, मीठ, मूठभर ओलं खोबरं. मूग हवेतच, नुसत्या रताळ्याने अकरा वाजता पुन्हा भूक लागते. केशरी गराचं रताळं मिळालं तर तेलात कंजुषी नको, त्यातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. वरून लिंबू पिळा, गरमच वाढा.