पावसाळ्याआधी सशाच्या तळव्यांची तयारी

पावसाळ्यात पाळलेल्या सशाच्या मागच्या पायांचे तळवे लाल होऊन फाटू शकतात. ते टाळायची तयारी, म्हणजे नखं, अंथरूण, वजन, मृगाच्या सरी यायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यातच उरकून टाका. एकदा हवा दमट झाली की अंथरूण वाळत नाही. आणि तळव्याची कातडी एकदा फाटली की ती भरायला कित्येक आठवडे, वेळेला महिने लागतात. मागच्या खेपेला तळवा फाटला तेव्हा अंथरूण बदललं, पेंढा आणला, मलम आणलं, पट्ट्या झाल्या. नखं तेवढी राहिली. जखम दोनदा भरत आली आणि दोनदा उघडली. म्हणून नखांचं पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

सशाच्या पायाला कुत्र्या-मांजराच्या पायासारखी गादी नसते. दाट केस, त्याखाली पातळ कातडी आणि लगेच हाड. ससा नीट बसलेला असतो तेव्हा भार पुढे नखांवर आणि मागे तळव्यावर वाटला जातो. नखं वाढली की बोटं वर उचलली जातात, पाऊल मागे कलतं आणि सगळा भार टाचेजवळच्या इवल्याशा जागेवर येतो. तिथला रक्तपुरवठा दबतो, केस झिजतात, कातडी लाल होते आणि मग फाटते. खाली कितीही मऊ अंथरा, नखं लांब असतील तर भार तिथेच पडणार.

तर पहिलं काम नखं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख हमखास विसरतं, म्हणून मोजून कापा. लहान जनावरांसाठीची धारदार कात्री घ्या. बोथट कात्रीने नख चिरतं. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे कापायचं. काळ्या नखात ती दिसत नाही, तेव्हा मागून मोबाइलचा टॉर्च धरा. तरीही दिसली नाही तर टोकाचा जरासाच तुकडा काढा. नखं फारच वाढली असतील तर शीरही पुढे आलेली असते. अशा वेळी दर दहा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं कापलं की ती मागे सरकते. वाटीत कॉर्नफ्लोअर काढून ठेवा, रक्त आलंच तर त्यात नख दाबून धरायचं. दोन माणसं लागतात: एकाने ससा छातीशी धरायचा, एक हात ढुंगणाखाली, पाठ कुठेही लोंबकळू द्यायची नाही. सशाने मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याच्याच पाठीचा मणका मोडू शकतो. उताणा टाकून ‘झोपवू’ नका. तो शांत झालेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. एका बैठकीत अठराही जमत नसतील तर आज नऊ, उद्या नऊ. आणि साधारण दर महिन्याला पुन्हा.

आता जमीन. पिंजऱ्याला तळाशी तारेची जाळी असेल तर ती काढा किंवा पूर्ण झाका, यावर चर्चा नको. गुळगुळीत लादीही वाईट: कडक असते आणि पाय घसरतात. तरट आणि काथ्याची पायपुसणी केस घासून काढतात. टॉवेलच्या फासांत नखं अडकतात (लांब नखं तर नक्कीच). फोमच्या चटया ससे कुरतडतात आणि ते तुकडे आतड्यात अडकतात. चांगली रचना अशी: तळाशी वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर जुनी गोधडी, सगळ्यात वर फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम धाग्याचं) कापड. फ्लीसमधून ओल खाली गोधडीत उतरते, वरचा पृष्ठभाग बऱ्यापैकी कोरडा राहतो. नुसती सुती गोधडी वर ठेवली तर ओल धरून बसते आणि तळवे दिवसभर मुतात भिजतात. नव्या फ्लीसला ओल आत घ्यायला दोन-तीन धुण्या लागतात. कापड मऊ करणारं द्रव धुण्यात घालू नका, त्याने ओल वरच राहते. असे तीन संच हवेत: एक खाली, एक धुण्यात, एक वाळलेला. पावसात दोन पुरत नाहीत.

पेंढा मिळत असेल तर भाताचा घ्या, आठ-दहा सेंटिमीटर जाड पसरा. तळहाताने दाबल्यावर लादी जाणवली तर थर कमी आहे. कुबट वास आला तर फेकून द्या.

मुताच्या ट्रेमध्ये जाळी नको. कागदाचं किंवा लाकडाचं भरण घाला, रोज बदला. गोळा होणारी मांजराची वाळू नको, सशाने खाल्ली तर पोटात फुगते. ट्रेला बसलेला पांढरा थर व्हिनेगरने निघतो.

वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दर रविवारी, वहीत लिहून. पेलेट (गोळ्यांचं तयार खाद्य) सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला फार तर 25 ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला 50. वाळलेलं गवत हवं तेवढं. पोळी, ब्रेड, बिस्किटं बंद. जड ससा आणि आखूड केसांचा रेक्स जातीचा ससा, हे दोघं या दुखण्याला सगळ्यांत आधी बळी पडतात. दिवसभर पिंजऱ्यात एकाच जागी बसलेला ससाही त्याच वाटेने जातो, त्याला रोज काही तास मोकळा सोडा.

वजन करतानाच तळवे बघा. केस बाजूला सारून दोन्ही मागचे पाय, चांगल्या उजेडात, आणि फोटो काढा. डोळ्यांना आठवड्याआठवड्याचा फरक कळत नाही. वयस्क किंवा वजनदार सशाच्या टाचेला छोटा, कोरडा, फिका घट्टा असतो, त्याला छेडू नका. लाली, ओल, सूज, खपली किंवा रक्त दिसलं की काळजी करा. ससा सारखा पाय बदलत बसत असेल, उड्या मारायला कुरकुरत असेल, तर बघायला रविवारची वाट पाहू नका. आणि पाय हातात आहेच तर नखंही बघा!

नुसती लाली असेल, कातडी शाबूत असेल, तर अंथरूण दुप्पट करा, कोरडं ठेवा, नखं कापा. बऱ्याचदा एवढ्याने थांबतं. तळव्याचे केस कापू नका, गुंता झालेला असला तरी. तेवढंच संरक्षण त्याच्याकडे आहे.

कातडी फाटली असेल तर ससे बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा, घरचे प्रयोग नकोत. तोवर सलाइनने हलकं धुऊन मऊ कापडाने टिपून कोरडं करा. खपली उकरू नका. घरातल्या डब्यातलं कुठलंही मलम लावू नका: स्टेरॉइडवालं जखम भरू देत नाही, झिंकवालं ससा चाटून पोटात घेतो. माणसांच्या दुखणं थांबवायच्या गोळ्या नकोत. आणि हे ठळक लक्षात ठेवा: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही अँटिबायोटिक्स सशाला तोंडाने द्यायची नाहीत. पोटातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात, ससा दगावतो. कुणी लिहून दिलंच तर तिथेच विचारा. वेदनाशामक मात्र आठवणीने मागा, कारण दुखणारा ससा खाणं सोडतो, आणि बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर तीच तातडीची वेळ.

पट्टी डॉक्टरांकडूनच बांधून घ्या. रोज बघा: सरकली, ओली झाली, बोटं सुजली तर काढायची. सूज खोल असेल तर एक्स-रे, हाडापर्यंत गेलंय का ते कळतं. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात. सकाळ-संध्याकाळ बघा, खिडकीला जाळी लावा.

पुढे सगळं तेच. औषध पूर्ण द्या, मधेच थांबवू नका. जखम भरली तरी केस नीट येईपर्यंत जाड अंथरूण तसंच ठेवा. वजन लिहीत राहा. कॅलेंडरवर नखांची पुढची तारीख आजच लिहा.