कंदीलपुष्प जगवताना या चुका टाळा

पावसाळा सरला की कंदीलपुष्पाची, म्हणजे पठारावर कंदातून उगवणारी रानवेल पिवळी पडून वाळते आणि माणूस घाबरून पाणी वाढवतो. साताऱ्यात गच्चीवर मीही पहिल्या वर्षी तेच केलं. दिवाळीनंतरही रोज तांब्याभर पाणी! जानेवारीत माती उकरली तर कंद पार लिबलिबीत झालेला. खरं तर पाणी वाढवलं तेव्हा वेल मेली नव्हती, कंद नुसता झोपला होता. हळहळ अजून जात नाही. पानं गळाली की पाणी बंद करा, कुंडी आडोशाला ठेवा, जूनमध्ये बाहेर काढा. काळी माती नको. वाळू आणि जांभ्या दगडाचा चुरा मिसळा.

फुलं येतात, पण शेंग धरत नाही? मग औषध कधी मारलं ते आठवा. या फुलाच्या नळीत बारीक माश्या शिरतात. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्याने त्यांना परत फिरता येत नाही. केस सुकले की सुटका होते, आणि माशी परागांची पुडी घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. माव्यासाठी कीटकनाशक मारलंत की या माश्याही गेल्या. मावा बोटांनीच पुसून काढा.

पठारावरचा कंद मात्र उपटू नका. गुराखी पोरं खरपुडी म्हणून हे कंद खायची. आता काही जण ‘वाचवायला’ म्हणून उकरतात. सुटलेल्या शेंगांतून म्हातारीसारख्या बिया वाऱ्यावर जातात. कंद घरी आणला की ती पैदासही थांबली. रोपवाटिकेत वाढवलेलं रोपच घ्या.

घरची रोपं परस्पर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नेऊन लावणंही चुकीचंच. कुंडीच्या मातीतून गाजरगवत तिथं पोहोचतं. वनविभाग आणि वनस्पतितज्ज्ञ यांच्याशिवाय हे करू नये.

आणि सड्यावर वृक्षारोपण तर नकोच नको! साताऱ्याजवळच्या कास पठाराला 2012 मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याची ओळखच जांभ्यावरच्या बोटभर मातीत फुलणारी रोपटी. त्यांना ऊन लागतं. तिथं जाळीचं कुंपण घालून गुरं बंद केली, तेव्हा गवत माजून फुलं दबतात असं गावकरी सांगू लागले. पुढे जाळी काढली. सड्याला ओसाड समजून खड्डे खणायला निघालेली मंडळी दिसली, तर त्यांना एकदा सप्टेंबरमध्ये तिथं घेऊन जा.