माल वाहणाऱ्या कन्व्हेयर बेल्टवर खोका अडकला, आता काय?

भिवंडीच्या गोदामात नवीन पोरगं आलं की मी आधी त्याच्या गळ्याकडे बघतो. ओळखपत्राची लोंबती दोरी, मफलर, हातातलं कडं, सैल बाही, सगळं काढायला लावतो. ओढणी असेल तर घट्ट खोचायची. हातमोजेसुद्धा फिरत्या रोलरजवळ नकोत. मोजा आधी अडकतो, मग बोटं.

बेल्ट जिथे रोलरखाली शिरतो, ती खरी धोक्याची जागा. सेकंदाला एक मीटर हा वेग बघायला संथ वाटतो. पण दचकून हात मागे घ्यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात बेल्ट अर्धा मीटर पुढे गेलेला असतो.

खोका अडकला की लाल बटण दाबा किंवा कडेची दोरी ओढा. पण एवढ्यावर हात घालू नका! एकदा मी सेन्सरमुळे थांबलेल्या बेल्टला बंद समजलो. खोका काढला, सेन्सरला वाट मोकळी दिसली आणि बेल्ट आपोआप सुरू झाला. शर्टाच्या बाहीवर निभावलं.

म्हणून मेन स्विच पाडा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात. दोघं काम करत असाल तर कुलपं दोन. मग स्टार्ट दाबून बघा. हलला नाही तरच पुढे. चढाच्या बेल्टवरचा माल वीज गेल्यावरही खाली घसरतो, त्याला आधी टेकू द्या.

बेल्ट ओलांडायचा तर पुलावरूनच. चहाची वेळ झाली असली तरी.