‘हे कशावरून?’ विचारायला शिकवताना शिक्षकांनी या चुका टाळा

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातील पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाविषयी आहेत. भूतकाळाविषयीचे एखादे विधान कोणी केले, कोणत्या पुराव्यावर केले आणि कोणत्या दृष्टीने केले, हे विचारायला शिकवणारी ही प्रकरणे माध्यमिक शाळेच्या पुस्तकात आली, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र बहुतेक वर्गांत त्यांचे जे होते ते पाहून वाईट वाटते. ‘आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?’ या प्रश्नापुढे ‘व्हॉल्टेअर’ लिहिले जाते, देकार्त, रांके आणि फुको या युरोपीय अभ्यासकांच्या नावांच्या जोड्या लावल्या जातात आणि प्रकरण संपते. पुरावा तपासण्याची रीत सांगणारा धडा एका गुणाच्या प्रश्नांपुरता पाठ होतो आणि मार्चनंतर विसरला जातो.

आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवताना, आणि सहकाऱ्यांच्या तासांना मागच्या बाकावर बसताना, त्याच त्या चुका मला इतक्या वेळा दिसल्या आहेत की त्या एकदा स्पष्टपणे लिहून काढणे आवश्यक वाटले.

निरीक्षण पुस्तकाशी जुळले नाही म्हणून ते खोडायला लावणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेतच घडते. पाचगणी परिसरातील एका शाळेत पाण्याचा उत्कलनांक काढण्याचा प्रयोग चालू होता. चंचुपात्रातील पाणी खळखळत होते आणि तापमापीतील पारा ९६ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावला होता. एका मुलीने वहीत ९६ लिहिले. शिक्षक फेरी मारत आले, त्यांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, “पुस्तकात किती आहे? शंभर. मग शंभर लिही.” तिने खोडरबर घेऊन आकडा पुसला. तास संपला तेव्हा वर्गातील प्रत्येक प्रयोगवहीत १०० अंश लिहिलेले होते आणि सर्वांना पूर्ण गुण मिळाले.

त्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. अभ्यासक्रम पूर्ण करायचा होता आणि तपासणी जवळ आली होती. परंतु त्या एका वाक्याने वर्गाला मिळालेली शिकवण अशी होती की, डोळ्यांना जे दिसते आणि पुस्तकात जे छापलेले असते त्यांत फरक पडला, तर डोळे चुकीचे धरायचे. ही शिकवण पुढे पुसणे फार अवघड जाते. महाविद्यालयात गेल्यावर आलेखाचे बिंदू आधी रेषेवर बसवून मग सारणी भरणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांची सुरुवात अशाच एखाद्या खोडरबरापासून झालेली असते, अशी माझी खात्री आहे.

वास्तविक तो ९६ हा आकडा त्या तासातील सर्वांत मौल्यवान गोष्ट होती. पाणी शंभर अंशांना उकळते ते समुद्रसपाटीवरील सामान्य वातावरणीय दाबाला. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब कमी असतो आणि म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. पुण्यातही, सुमारे ५६० मीटर उंचीवर, अचूक तापमापी साधारण ९८ अंशच दाखवील. परंतु हे स्पष्टीकरण शिक्षकाने लगेच सांगून टाकले तर तीही घाईच होईल, कारण मग मुलांनी पुस्तकाऐवजी शिक्षकाचे ऐकले एवढाच फरक पडतो.

अशा वेळी मी प्रथम सगळ्या शंका फळ्यावर लिहून घेतो. “सर, थर्मामीटर खराब असेल,” हे पहिले उत्तर असते आणि ते रास्त आहे. मग दुसरी तापमापी घ्यायची, दोन्ही वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतात का ते पाहायचे, आणि बर्फातील तपासणीने शंभराच्या जवळचा भाग अचूक आहे हे सिद्ध होत नाही, याचीही चर्चा करायची. “पाण्यात क्षार असतील,” असे कोणीतरी म्हणते. तेव्हा मिठाचे पाणी उकळून पाहायला सांगतो. क्षारांमुळे उत्कलनांक वाढतो, घटत नाही, त्यामुळे ही शंका उलट दिशेची ठरते आणि बाद होते. “आच कमी पडली,” या शंकेसाठी दिव्याची ज्योत मोठी करून पाहतात. पाणी अधिक जोरात उकळते, पण पारा हलत नाही. एवढे झाल्यावर किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेतील परिचित शिक्षकांना फोन करून त्यांच्या वर्गाचे आकडे मागवतो. अलिबागचे आकडे शंभराच्या जवळचे आणि आपले त्याहून कमी, असे दोन स्तंभ शेजारी आले की उंचीचा विचार मुलांना स्वतःच सुचतो, आणि डोंगरावर डाळ शिजायला वेळ का लागतो हेही कोणीतरी आपण होऊन सांगते.

यासाठी दोन तासिका जातात. नव्याने नोकरीला लागलेले शिक्षक मला विचारतात की, हेच दहा मिनिटांत बसवता येणार नाही का. बसवता येणार नाही. शंका बाद करायला जो वेळ लागतो तोच येथे अभ्यासक्रम आहे, आणि तो वाचवला की हाती पुन्हा एक पाठ करायचे वाक्य उरते.

‘ज्याचे त्याचे मत’ येथे येऊन थांबणे

पहिल्या चुकीतून बाहेर पडलेले उत्साही शिक्षक बहुधा या दुसऱ्या चुकीत सापडतात. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीविषयीचा वाद वर्गात घ्यायचा, दोन्ही बाजू भराभर सांगायच्या आणि शेवटी “तुम्हाला कोणती तारीख पटते, हात वर करा,” असे म्हणायचे, हा प्रकार मी एका तासाला पाहिला. बहुतेक हात १९ फेब्रुवारीसाठी वर झाले, कारण त्या दिवशी सुट्टी असते. उरलेल्या मुलांनी घरी जी जयंती साजरी होते तिच्या बाजूने हात वर केला. तास संपताना एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, “म्हणजे इतिहासात काही नक्की नसतंच.” शिक्षकांना वाटले की मुले विचार करू लागली. मला मात्र त्या वाक्याने काळजी वाटली, कारण काहीच नक्की नसते असे मानणारा माणूस पुरावा तपासण्याचे कष्ट कशासाठी घेईल?

हे उदाहरण वाईट नाही. महाराष्ट्रातील मुलांसाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही, पण ते नीट उलगडावे लागते. येथे दोन वेगवेगळे वाद एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला वाद जन्म नेमका केव्हा झाला याचा आहे: वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, की फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. दुसरा वाद जयंती तिथीने साजरी करावी की तारखेने, हा आहे. पहिला वाद पुराव्याने सुटू शकतो. दुसरा परंपरेचा आणि सोयीचा आहे, तेथे पुरावा निर्णय देऊ शकत नाही. कोणता प्रश्न पुराव्याने सुटतो आणि कोणता सुटत नाही, हे ओळखता येणे हेच मुळात मोठे शिक्षण आहे, आणि हात वर करायला लावल्याने नेमके तेच हुकते.

यानंतर मी पुरावे एकेक करून मांडतो. शके १५४९ ही तिथी उत्तरकालीन बखरींमधून आलेली आहे. शके १५५१ ची नोंद जेधे शकावलीत, म्हणजे शकांच्या क्रमाने लिहिलेल्या घटनांच्या नोंदींत आहे, जी जेधे देशमुखांच्या घराण्यात जपली गेली आणि लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. महाराजांचे समकालीन असलेल्या कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात तीच तिथी येते, आणि जोधपूरच्या एका संग्रहात मिळालेली महाराजांची कुंडलीही तिलाच दुजोरा देते. मुलांनी प्रत्येक साधनापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात: हे घटनेनंतर किती काळाने लिहिले गेले, लिहिणाऱ्याला माहिती कोठून मिळाली असेल, आणि दुसऱ्या साधनावरून हे उतरवून घेतलेले असण्याची शक्यता किती आहे. मावळातील देशमुखांची शकावली, दरबारातील कवीचे काव्य आणि राजस्थानातील ज्योतिषाच्या संग्रहातील कुंडली ही तीन वेगळ्या हातांची साधने एकाच तिथीवर येतात, हे मुलांना स्वतः दिसले की मतदानाची गरज उरत नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, हे मी सर्वांत शेवटी सांगतो. आधी सांगितले तर शासनाचा निर्णय हाच पुरावा आहे असा समज होतो.

हुशार मुलांसाठी एक भाग राखून ठेवावा. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कालगणनेतील तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजल्यास तो दिवस १ मार्च १६३० येतो. तथ्य पक्के असले तरी ते कोणत्या मोजपट्टीने सांगितले हे विचारावे लागते, हे येथे सहज समजते. अस्सल कागद शोधण्यासाठी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव केलेली वणवण आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांची माहितीही याच ठिकाणी द्यावी. दहावीच्या त्याच इतिहासाच्या पुस्तकातील राजवाडे यांच्यावरचा मजकूर मुले मग वेगळ्या नजरेने वाचतात.

घरच्या श्रद्धेची वर्गात थट्टा करणे

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली. आजच्या मुलांच्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी त्या दिवशी चमचा हातात धरला होता. ही घटना शिकवताना हसणारा शिक्षक त्या मुलांना गमावून बसतो, कारण अपमानित झालेले मूल घरासाठी एक आणि शाळेसाठी एक अशी दोन उत्तरे तयार ठेवायला शिकते. त्यापेक्षा एखादी दगडी वस्तू आणि चमचाभर दूध आणावे. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून ओढले जाते आणि पृष्ठभागावरून पातळ थराने खाली उतरते. दुधात रंग मिसळला की ओघळ स्पष्ट दिसतो. त्या दिवशी दिल्लीत वैज्ञानिकांनी हेच करून दाखवले होते. चमच्यातील दूध खरोखरच कमी होत होते, म्हणजे लोकांनी जे पाहिले ते खोटे नव्हते, त्याचा अर्थ वेगळा होता. मूल हे वाक्य घरी आजीसमोर बसून सांगू शकते.

फॉरवर्ड केलेल्या मजकुरावर केवळ ‘विश्वास ठेवू नका’ असे सांगणे

युनेस्कोने ‘जन गण मन’ला जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा खोटा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि शिक्षकांच्या गटांवरही तो मी वाचला आहे. युनेस्कोने तो केव्हाच नाकारला. ‘विश्वास ठेवू नका’ या उपदेशाने काही साधत नाही. मुलांना काम द्यावे. युनेस्को अशी निवड करते का, करत असल्यास निकाल कोठे जाहीर होईल, आणि संदेशात तारीख, वार व दुवा का नाही, हे त्यांनी शोधून काढावे. हा विषय हलका समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला.

आणखी काही चुका

प्रश्न विचारून स्वतःच लगेच उत्तर देणे ही सवय सार्वत्रिक आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने अनेक वर्गांचे निरीक्षण करून दाखवले होते की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरे लांब आणि सकारण होतात. मी प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजतो.

‘विज्ञान: शाप की वरदान’ यासारख्या वादविवाद स्पर्धांना विचारशिक्षण समजू नये. तेथे बाजू आधी नेमून दिलेली असते आणि समोरच्याचा मुद्दा पटला तरी तो मान्य करण्याची मुभा नसते.

आठवड्यातून एक स्वतंत्र ‘विचार कौशल्य’ तासिका ठेवणे आणि उरलेल्या तासांना गाईडमधील उत्तरे उतरवून देणे, यातून काहीही निष्पन्न होत नाही. कोठूनतरी उतरवून घेतलेल्या तयार कार्यपत्रिकांविषयीही माझे हेच मत आहे.

शेवटची चूक गुणांची आहे. वर्गात कितीही चर्चा केली आणि घटक चाचणीत केवळ उत्तराला गुण दिले, तर मुले योग्य तोच बोध घेतात. मी प्रत्येक चाचणीत एक प्रश्न असा ठेवतो: ‘एका घरातील चौघांनी एक नवे औषध घेतले आणि आठवड्यात सर्वांची सर्दी गेली. यावरून औषध गुणकारी आहे असे म्हणता येईल का?’ सर्दी बहुधा औषधाविनाही आठवड्याभरात जाते, म्हणून औषध न घेतलेल्यांशी तुलना हवी, असे ज्याने लिहिले त्याला पूर्ण गुण मिळतात. कारण न देता नुसते ‘सांगता येत नाही’ लिहिणाऱ्याला शून्य मिळते. या प्रश्नाचे नमुना उत्तर मागायला पालक येतात, तेव्हा मी त्यांना पूर्ण गुण मिळालेल्या, पण वेगवेगळ्या मार्गांनी गेलेल्या दोन उत्तरपत्रिका नावे झाकून वाचायला देतो.